कवितेचा तास आणि सोंगाड्याचा प्रश्न

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी वर्गात एक कविता वाचली आणि त्यानंतर एक विद्यार्थी तीन आठवडे वर्गात आला नाही. पुढे जो इतिहास मी मांडणार आहे तो ग्रंथालयात बसून सुचलेला नाही. त्या तीन आठवड्यांनी तो मला शोधायला लावला.

माझे महाविद्यालय नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. प्रथम वर्ष वाणिज्यचा वर्ग, विषय मराठी. हजेरीपटावर साठ नावे, बाकांवर पंचवीस माणसे. त्या पंचवीसांतली निम्मी मुले पहाटे मार्केट यार्डात कांद्याच्या गोण्या उचलून आलेली असत, आणि मराठी हा पुढच्या तासापर्यंत डुलकी काढण्याचा विषय आहे असा त्यांचा साधा समज होता. धडा असेल तर ऐकत. कविता म्हटली की, "सर, कविता नको, डायरेक्ट प्रश्नोत्तरं द्या." मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. बाप दुसऱ्याच्या रानात राबला, आई शेवटपर्यंत अंगठाच उठवत राहिली. कवितेने मला उभे केले होते. त्यामुळे ह्या मुलांचा कंटाळा मला वैयक्तिक अपमानासारखा लागे. मी ठरवले, त्यांना असे काही ऐकवावे की ती हलली पाहिजेत. म्हणून सत्तरीच्या दशकातली एक दलित कविता निवडली. तिचे नाव येथे देत नाही, कारण दोष कवितेचा नव्हता. तिच्यात जातीचे नाव उघड होते, मेलेले ढोर होते, शिवी होती. मी ती मनापासून वाचली. वर्ग खरोखरच हलला. पण कसा हलला? पंचवीस डोकी हळूहळू मागे वळली आणि शेवटच्या बाकावरच्या एका मुलाकडे पाहू लागली. तो बाकावर बोटाने काहीतरी गिरवत होता. मी मात्र त्याच वेळी विचारले, "बोला, ही कविता ऐकताना तुम्हाला काय वाटलं?"

तीन आठवड्यांनी तो मला एस.टी. स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात भेटला. मी रागावलो नाही, चहा पाजला. बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला, "सर, तुम्ही ती कविता म्हणली तेव्हा सगळी पोरं माझ्याकडं पाहत होती. तुमच्याकडं कोणीच पाहिलं नाही."

माझ्यापुढे टेबल होते, हातात खडू होता. आम्ही दोघे एकाच वाटेने आलेलो. पण टेबलाच्या ह्या बाजूला उभे राहिलो की ती कविता 'अभ्यासक्रम' होते आणि त्या बाजूला बसलेल्याचे ती अंगावरचे कपडे काढून घेते, हे मला कळले नव्हते. तोपर्यंत 'विद्यार्थ्यांना कवितेची गोडी का नाही' ह्या प्रश्नाचे उत्तर मी सगळ्यांसारखेच देत असे. मोबाइल आहे, वाचन नाही, घरी वातावरण नाही. 'घरी वातावरण नाही' हे शब्द तर मी स्वतःबद्दल ऐकत मोठा झालो होतो, आणि तेच आता दुसऱ्याबद्दल उच्चारीत होतो. त्या दिवसापासून हे उत्तर मला खोटे वाटू लागले. ही मुले कवितेला कंटाळलेली नाहीत, ती कवितेपासून अंग चोरतात. अंग चोरण्याला इतिहास असतो.

तो शोधताना मला एक वर्ष फार महत्त्वाचे वाटले. १८५४. त्या वर्षी मराठी कवितेची दोन पुस्तके निघाली. एक परशुरामतात्या गोडबोले ह्यांनी संपादिलेले 'नवनीत'. (माझ्या विद्यार्थ्यांना नवनीत म्हटले की परीक्षेच्या आदल्या रात्रीचे मार्गदर्शक आठवते. हे पुस्तक त्याच्या शंभराहून अधिक वर्षे आधीचे.) जुन्या मराठी कवितेतले वेचे त्यात होते. मुक्तेश्वर, वामनपंडित, मोरोपंत, तुकाराम असे कवी, कठीण शब्दांवर टिपा. ते सरकारी शिक्षणखात्याच्या आश्रयाने निघाले आणि त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघत गेल्या. गोडबोल्यांचे श्रम मोठे होते हे नाकारण्याचे कारण नाही. विखुरलेली कविता त्यांनी एका ठिकाणी आणली. त्यांनीच पुढे 'वृत्तदर्पण' लिहून लघुगुरूंचा हिशेबही हाती दिला. पण ह्या पुस्तकांबरोबर कवितेशी वागण्याची एक रीत शाळेत शिरली. आधी अन्वय लावावयाचा, मग शब्दार्थ, मग वृत्त, मग अलंकार, आणि शेवटी बोध. जी कविता देवळाच्या पारावर, कीर्तनात, डफावर ऐकली जात होती ती कागदावर येऊन पडली आणि तिची चिरफाड करता येणे म्हणजे कविता येणे, असे ठरले. कीर्तनाला बसलेल्या म्हाताऱ्याला मोरोपंतांची आर्या कळली नाही तर तो माना डोलावून घरी जात असे. शाळेत न कळणाऱ्याच्या पाठीत छडी बसू लागली.

त्याच वर्षीचे दुसरे पुस्तक सावित्रीबाई फुल्यांचे 'काव्यफुले'. ते कोणत्याही खात्याने क्रमिक म्हणून लावले नाही. त्यात फुलांवरच्या कविता आहेत, अज्ञानावरच्या आहेत, शिका म्हणून सांगणाऱ्या आहेत. शाळेत उभी राहून मुलींना शिकवणारी बाई त्या लिहिते आहे हे प्रत्येक पानावर जाणवते. मला त्या पुस्तकाचे विशेष वाटते ते हे की चाफ्याचे फूल आणि शूद्रांची गुलामी ह्या दोन्ही गोष्टी तिला एकाच वहीत लिहिण्यासारख्या वाटल्या. पुढे आपण ह्यांतली एक कविता 'सौंदर्यवादी' आणि दुसरी 'सामाजिक' अशा दोन खणांत टाकावयास शिकलो.

आणि शाळेत बसत कोण होते? १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलाने मुंबई सरकारकडे अर्ज केला. न्याय त्याच्या बाजूने आहे, हे सरकारने मान्य केले आणि तरीही त्याला प्रवेश देणे शक्य नाही असे ठरवले. पिढ्यान्‌पिढ्यांचा पूर्वग्रह एका मुलासाठी मोडला तर शाळाच ओस पडेल, ही भीती. म्हणजे ज्या काळात 'नवनीत' वर्गावर्गांत पोहोचत होते त्या काळात आमचा पोरगा दाराबाहेर होता. नंतर आत आला तो व्हरांड्यात, खिडकीखाली, वेगळ्या तरटावर. जोतीराव फुल्यांनी १८६९ साली विद्याखात्यातल्या ब्राह्मण पंतोजींवर पोवाडा रचला. मास्तर कोणाकडे लक्ष देतो आणि कोणाला नुसता बसवून ठेवतो, हा त्याचा विषय. शिक्षकांच्या वागणुकीवरची ती कविता खरे तर आम्हा मास्तर लोकांच्या प्रशिक्षणात लावायला हवी होती. असो. मला म्हणावयाचे आहे ते एवढेच की आमच्या आज्या-पणज्यांनी शाळेतली कविता आतून ऐकली नाही, भिंतीपलीकडून ऐकली. भिंतीपलीकडून ऐकणाऱ्याला प्रश्न विचारता येत नाही. विचारला तर तो तेथे आहे हे कळते.

आज भिंत पडली आहे आणि पोरगा पहिल्या बाकावर बसू शकतो. पण त्याच्याकडून काय मागितले जाते ते पाहावे. दहावीच्या कृतिपत्रिकेत कविता आवडण्याचे किंवा न आवडण्याचे कारण लिहावयास सांगतात. कल्पना चांगली आहे. मुलाला मत असू शकते, हे निदान मान्य केलेले आहे. परंतु माझ्या वर्गात येणाऱ्या पोरांना मी विचारले तेव्हा त्यांनी सांगितले की 'आवडण्याचे कारण' ते पाठ करून गेले होते. क्लासच्या मास्तरांनी सगळ्या कवितांना चालेल असे एकच कारण लिहून दिले होते: भाषा साधी, सोपी, ओघवती असून कवीने मोलाचा संदेश दिला आहे. न आवडण्याचे कारण कोणी लिहिले का, असे विचारले तर सगळे हसले. न आवडण्याचे कारण लिहून मार्क घालवण्याइतके ह्यांच्यापैकी कोणीही श्रीमंत नव्हते.

येथपर्यंतचे दोष प्रस्थापितांच्या माथी मारून मोकळे होता येते, आणि ह्या पानांवर आपण ते पुष्कळदा केले आहे. पण पुढची गोष्ट आपल्याच घरातली आहे. 'गोलपिठा' १९७२ साली आला, 'कोंडवाडा' १९७४ साली, त्यानंतर 'सुरुंग', 'उत्खनन', 'उत्थानगुंफा' असे संग्रह एकामागून एक आले आणि मराठी कवितेचा चेहरा बदलला. काही वर्षांत ही कविता विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात शिरली. आपल्याला आनंद झाला आणि तो रास्तच होता. पण आत शिरल्यावर तिचे काय झाले? 'दलित कवितेची वैशिष्ट्ये लिहा.' वेदना, विद्रोह, नकार, मानवमुक्ती. एकेक परिच्छेद, मिळून दहा गुण. एम.ए.ला औरंगाबादला असताना मी स्वतः हे उत्तर झोपेत लिहू शकत होतो. ज्या विद्रोहाने लोकांची झोप उडवली त्याचा चौथा मुद्दा आठवत नाही म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्री माझी झोप उडाली होती. आपणही आपले एक 'नवनीत' तयार केले, एवढेच. शिवाय मुक्तछंदातली ती कविता वस्तीत पाठ होण्यासारखी नव्हती, आणि वस्तीत जी पाठ होती ती भीमगीते आपल्या समीक्षकांनी 'प्रचार' म्हणून उंबऱ्याबाहेर ठेवली. वामनदादा कर्डकांना गावोगाव लोक रात्रभर ऐकत बसत. आपल्या चर्चासत्रांत त्यांना समारोपानंतर गाण्यासाठी बोलावीत.

वामनदादांचे उदाहरण मी वर्गात नेहमी सांगतो, कारण ते 'वातावरण नाही' ह्या शब्दांना सरळ उत्तर आहे. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस, जन्म १९२२ चा. मुंबईत कामावर असताना कोणीतरी पत्र वाचून दाखव म्हणाले आणि ह्यांना अक्षर येत नव्हते. त्या शरमेने ते मोठेपणी अक्षरे शिकले. जोडाक्षरे दुकानांच्या पाट्या वाचून गिरवली. १९४३ साली त्यांचे पहिले गाणे आले आणि २००४ साली जाईपर्यंत त्यांनी गाणी रचली. कविता आधी कानात होती, अक्षर मागून आले. आपल्या शाळेने क्रम उलटा लावला. अक्षर आले तरच कविता, आणि अक्षर येता येताच पोराला एवढा मार बसतो की कवितेपर्यंत तो पोहोचतच नाही.

मग आमच्या माणसांना कविता आवडत होती ती कशी? हा प्रश्न मी माझ्या आज्याला विचारावयास हवा होता. तो होता तोवर मला सुचले नाही. पण त्याने न विचारता सांगितलेले एक आठवते. त्याच्या लहानपणी गावाबाहेरच्या पटांगणात जलसा येत असे. नाशिक जिल्हा हा आंबेडकरी जलशांचा जिल्हा. भीमराव कर्डक आणि त्यांचे सहकारी १९३०च्या दशकात गावोगाव हिंडले. महाडचे पाणी, काळारामाचे दार, १९३५ ची येवल्याची घोषणा ह्या गोष्टी वर्तमानपत्रांनी नव्हे तर ढोलकी-तुणतुण्याने वस्त्यांत पोहोचवल्या. कर्डकांनी पुढे, १९७८ साली, 'आंबेडकरी जलसे' हे पुस्तक लिहून हा इतिहास नोंदवला म्हणून तो आपल्या हाती राहिला. स्वतः बाबासाहेबांनी आपल्या दहा सभांच्या बरोबरीचे काम एक जलसा करतो असे म्हटल्याचे आपल्याकडे घरोघर सांगतात.

जलशाचा साचा तमाशाचाच. पण गणातले दैवत गेले, गवळणीतली छेडाछेडी गेली, आणि वगात राजाराणीऐवजी पाणवठा, शाळा, मेलेले ढोर न ओढण्याचा ठराव हे विषय आले. शाहिराने पद म्हणावयाचे, मग नायकाने ते समजावयाचे, आणि मध्ये उभा सोंगाड्या. आजा सांगे, शाहीर कोण होता त्याचे नाव विसरलो, नायक कसा दिसत होता तेही विसरलो, पण सोंगाड्या आठवतो. त्याला काहीच समजत नसे. नायक म्हणाला, शिका, की हा विचारणार, शिकून काय ढोर जास्त दूध देणार का? नायक म्हणाला, पाणी सर्वांचे आहे, की हा विचारणार, मग माझ्या घशाला ते अजून का ठाऊक नाही? आजा म्हणायचा, "आमाला बी समजत नव्हतं. पन आमच्या वतीनं त्यो येडा इचारायचा. आमी हसायचो त्याला, आन् समजायचं आमाला."

हे वाक्य मी लहानपणी कितीतरी वेळा ऐकले असेल. झेरॉक्सच्या दुकानातून परत येताना ते मला प्रथमच ऐकू आले. जलशातल्या हजार माणसांपैकी कोणालाही 'मला कळले नाही' असे म्हणण्याची लाज सोसावी लागत नव्हती, कारण न कळण्याचे काम एका माणसाने अंगावर घेतले होते. तो त्यांच्यातलाच होता, हुशार होता, आणि तरी सर्वांदेखत अडाणी व्हावयास तयार होता. माझ्या वर्गात ह्याच्या नेमके उलटे घडत होते. एकटा मी समजलेला होतो आणि न समजण्याचे ओझे पंचवीसांवर होते. त्यातही सर्वांत मोठे ओझे त्या एकावर, ज्याला ती कविता सर्वांत जास्त समजली होती.

सोंगाड्याचा वंश जुना आहे. फुल्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले, कमिटीने ते नाकारले, आणि ते छापून येण्यास १९७९ साल उजाडले. त्यात भट कुणब्याच्या गरोदर बायकोला ग्रहांची भीती घालून नवराबायकोला लुबाडतो.  मध्येच विदूषक बोलतो. जे त्या दोघांना म्हणावयास हवे होते आणि म्हणता आले नाही ते तो म्हणतो. नाटकाच्या शेवटी नवराबायको शाळेत जावयास निघतात. त्याच वर्षी फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे ह्या मांग मुलीचा निबंध 'ज्ञानोदया'त छापून आला आणि आमचा धर्म कोणता हे आम्हाला कळू दे, असे तिने विचारले. चौदा वर्षांच्या मुलीला हे विचारता आले. मला वाटते, त्या शाळेत प्रश्न विचारल्याबद्दल कोणाकडे माना वळत नसाव्यात. हा तर्क माझा आहे, पुरावा नाही.

आणि औरंगाबादला मी शिकत होतो तेव्हा नागसेनवनातून रोज ये-जा करीत होतो, तरी त्या नावाकडे माझे लक्ष गेले नव्हते. पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय तेथे १९५० साली सुरू झाले. त्याला बाबासाहेबांनी मिलिंद हे नाव दिले. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा, भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारणारा, आणि उत्तर पटल्यावर हार मानणारा. महाविद्यालयाला उत्तरे देणाऱ्याचे नाव द्यावे असे कोणालाही सुचले असते. ह्यांनी विचारणाऱ्याचे दिले.

जलशाचा मी भक्त नाही. त्यात बाईचे काम पुरुषच करीत, उपदेश पुष्कळदा कवितेला गिळून टाकी, आणि गावंढळपणाची टिंगल कधी कधी गावंढळ माणसाचीच टिंगल होई. शिवाय जलसा रात्री आठला सुरू होऊन पहाटेपर्यंत चाले. मला मिळतात अठ्ठेचाळीस मिनिटे, त्यांतली आठ हजेरीत जातात. तरी मी ठरवले, आपण सोंगाड्या व्हावयाचे.

पहिला प्रयोग नारायण सुर्व्यांच्या 'माझे विद्यापीठ' ह्या कवितेवर केला. ज्या माणसाने महानगरपालिकेच्या शाळेत शिपायाचे काम केले आणि मग शिक्षक झाला, त्याची कविता. ही मी मुद्दाम निवडली, कारण तिच्यामुळे वर्गातली मान कोणा एकाकडे वळणार नव्हती. पुस्तके मिटावयास सांगितली. कविता मी दोनदा म्हटली, काहीही न समजावता. मग पुस्तकाकडे पाहून डोके खाजवत म्हणालो, "ह्यात विद्यापीठ कुठं आहे? मी दोनदा वाचली. कुलगुरू नाही, इमारत नाही, फी सुद्धा नाही. छापताना चूक झाली असावी." दोन-तीन मुले हसली. मी हट्ट धरला. तेव्हा कधी न बोलणारा एक मुलगा चिडूनच म्हणाला, "सर, रस्ताच आहे ना त्याचा विद्यापीठ!" मी म्हटले, रस्त्यावर काय शिकवतात? मग सगळेच बोलू लागले. यार्डात हमाल वजन कसे हेरतो, ट्रकचा क्लीनर किती भाषा शिकतो, वाटा कसा मारला जातो. मी न समजण्याचे सोडले नाही. तीन तास ही एक कविता चालली. चौथ्या तासाला तिघांनी विचारले, सर, हा माणूस अजून काय लिहितो?

माझे सोंग त्यांनी ओळखले नाही असे नाही. दुसऱ्याच आठवड्यात एकजण म्हणाला, "सर, तुम्हाला समजतंय, तुम्ही नाटक करता." ओळखूनही ती बोलत राहिली. जलशातल्या लोकांनाही ठाऊकच होते की सोंगाड्या अडाणी नाही. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मात्र शिक्षकांच्या खोलीत हसत हसत म्हटले, "हे तमाशाचं वर्गात कशाला आणता?" 'तमाशाचं' ह्या शब्दावर त्यांनी जो भार दिला तो मी ऐकला. उत्तर दिले नाही. अभ्यासक्रम मागे पडला, हेही खरे आहे. मार्चमध्ये उरलेल्या चार कविता मी पूर्वीसारख्याच प्रश्नोत्तरांत उरकल्या आणि मुलांनी त्या पूर्वीसारख्याच पाठ केल्या.

एक गोष्ट मी कायमची सोडली. 'तुम्हाला काय वाटलं' हे मी आता विचारीत नाही. हा प्रश्न फार सभ्य दिसतो, पण ज्याला स्वतःबद्दल बोलणे परवडते त्याच्यासाठीच तो सोपा आहे. बाकीचे ठरलेले उत्तर देतात किंवा बाकावर बोटाने गिरवत बसतात. मी कवितेबद्दल विचारतो. हा येथे का थांबला, ही ओळ दुसऱ्यांदा का आली, हा शब्द तुमच्या गावात कोण वापरतो. ज्याला स्वतःबद्दल सांगावयाचे असते तो ह्या आडवाटेने आपणहून सांगतो.

शेवटच्या बाकावरचा तो मुलगा परत आला आणि पदवी घेऊन गेला. तो कवितेचा रसिक वगैरे झाला नाही. तो बँकेच्या परीक्षा देतो.

गेल्या वर्षी मी मुलांना सांगितले की घरातल्या बाईमाणसाला येत असलेले एक गाणे ऐकून या, कोणतेही. जात्यावरच्या ओव्या हा एकट्या महाराष्ट्रात लाखाच्या घरात संकलित झालेला साठा आहे. माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी बाबासाहेबांवर गायिलेल्या ओव्या १९९६ साली ध्वनिमुद्रित झाल्या आहेत, हे मी त्यांना सांगितले आणि ऐकवलेही. एक मुलगा आपल्या आजीचे गाणे घेऊन आला. मी विचारले नव्हते तरी त्याने उभे राहून ते म्हटले. गाण्यात 'हाडोळा' हा शब्द होता. अर्थ त्यालाही ठाऊक नव्हता. मी नेहमीप्रमाणे म्हटले, "हाडोळा म्हणजे काय बुवा? मला वाटतं हाडांची माळ." पुढच्या बाकावरची एक मुलगी हसून म्हणाली, "नाही हो सर. हाडोळा रानाचं नाव आहे. आमचं ओढ्याकडचं रान आहे ना, ते हाडोळा."

ती मुलगी गावातल्या मोठ्या शेतकरी घरातली. हाडकी-हाडोळा म्हणजे महारांच्या वतनाची जमीन, गावाची ढोरे ओढण्याच्या आणि सरकारी वेठीच्या बदल्यात मिळालेली. ह्या वतनाच्या बेडीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात बिल आणले. वतने कायद्याने गेली ती १९५८ च्या कायद्याने. त्याच्या आधी आणि नंतर अनेक गावांत ह्या जमिनी दुसऱ्यांच्या वहिवाटीत गेल्या. नाव तेवढे राहिले. वर्गात दोघातिघांना हे ठाऊक असावे, कारण माना वळल्या. ह्या वेळी तिच्याकडे. तिला काय झाले ते कळले नाही, पण आपण काहीतरी बोलून बसलो एवढे कळले. मी पटकन म्हटले, "मला खरंच नीट सांगता येणार नाही. घरी विचारून याल का?" ती उत्तर न देता खाली बसली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. एस.टी. स्टँडवरून जाताना माझी नजर झेरॉक्सच्या दुकानाकडे जात होती. वेगळ्या बाकावरच्या मुलीला, वेगळ्या कारणाने, पण मी पुन्हा तेच केले होते काय? सोंगाड्या प्रश्न विचारतो तो नायकाला, प्रेक्षकाला नव्हे, हे मी घाईत विसरलो होतो.

चौथ्या दिवशी ती आली. हजेरी होताच स्वतःहून उभी राहिली. म्हणाली, "सर, आजोबांना विचारलं. ते म्हणाले, पहिल्यापासून हाडोळाच म्हणतात. मी म्हटलं, कोणाचा होता? तर पुन्हा म्हणाले, पहिल्यापासून आपलाच. सर, पहिल्यापासून म्हणजे कधीपासून?"

मी फळ्याकडे वळून १९५८ असे लिहिले. वळून पाहिले तर ती अजून उभीच होती.